नोंद लिहायची ती पुन्हा उघडण्यासाठी

चोपडा तालुक्यातल्या केळी बागायतदाराच्या मोबाइलमध्ये काय काय असते, ते पाहण्यासारखे आहे. पानांवरच्या पिवळ्या पट्ट्यांचे फोटो, कृषी सेवा केंद्राच्या बिलांचे फोटो, बऱ्हाणपूर आणि रावेरच्या भावाचे मेसेज, कुणीतरी पुढे पाठवलेले खतांचे वेळापत्रक, सातबाऱ्याची पीडीएफ. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलमध्ये याच धर्तीवर चालू घडामोडींच्या फायली, फळ्याचे फोटो, आदर्श उत्तरांचे स्क्रीनशॉट. साठा भरपूर आहे आणि तो रोज वाढतो आहे. पण मागच्या थंडीत पहिला चरका बागेच्या कोणत्या बाजूला पडला, किंवा पंचायत राजच्या प्रकरणातला नेमका कोणता मुद्दा अवघड गेला होता, असे विचारले की बोट स्क्रीनवर वर-खाली फिरत राहते आणि उत्तर काही सापडत नाही. गूगल कीप, वननोट, एव्हरनोट, नोशन ही नोंदी ठेवण्याची ॲप्स याच कामासाठी आहेत. सुरुवात फुकटात करता येते. तरीही ती घेताना असलेला उत्साह लवकर ओसरतो, दोष ॲपला दिला जातो आणि मग दुसरे ॲप घेतले जाते. माझ्या मते कारण वेगळे आहे. नोंदीची किंमत ठरते ती दुसऱ्यांदा उघडली जाते तेव्हा. म्हणून ॲपचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा असेल तर त्यात कमी टाकावे, जे टाकायचे ते स्वतःच्या शब्दांत टाकावे आणि ते पुन्हा कधी वाचायचे हे लिहितानाच ठरवून टाकावे.

साठवले म्हणजे कळले, असा भ्रम आपल्या सगळ्यांना होतो आणि मोबाइलने तो फार वाढवला आहे. फळ्याचा फोटो काढला की तास समजल्यासारखे वाटते, फवारणीचे वेळापत्रक 'सेव्ह' केले की फवारणीचे नियोजन झाल्यासारखे वाटते. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी या भ्रमावर एक प्रयोग केला होता. तो २०१४ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात छापून आला. वस्तुसंग्रहालय पाहायला नेलेल्या विद्यार्थ्यांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या निरखायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ज्या वस्तूंचे फोटो काढले होते त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांना कमी आठवले. कॅमेरा लक्षात ठेवणार आहे म्हटल्यावर डोळ्यांनी काम सोडले. या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढायला सांगितले होते, त्यांच्या बाबतीत ही घट दिसली नाही. सगळे एकदम टिपणे आणि त्यातले एक निवडून टिपणे यांत एवढा फरक पडतो. फोटो काढावा की नाही, हा वाद त्यामुळे गौण ठरतो. फोटो काढताना आपण काही निवडले का, एवढेच पाहायचे.

टिपणांचे मोल कशात असते हे समजून घ्यायला खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या चाहत्यांनी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. गावोगाव हिंडून दफ्तरे धुंडाळणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण नुसत्या गोळा करण्याने राजवाडे घडले नसते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. त्या काळच्या पत्रांच्या शेवटी बहुधा 'छ' हे अक्षर, त्यापुढे चंद्र म्हणजे महिन्याचा दिवस आणि अरबी महिन्याचे नाव एवढेच असे, सालाचा पत्ता नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, मग ते लिहायचे कशाला? दीडशे वर्षांनी मात्र तेच पत्र हातात घेणाऱ्याला आतल्या मजकुरावरून, फौजेच्या मुक्कामांवरून, कोण कुठे होते यावरून साल लावावे लागले. राजवाड्यांच्या मेहनतीचा मोठा भाग या कामात गेला. त्यांच्या प्रस्तावना नसत्या तर पुष्कळशी पत्रे वाचूनही कुणाला काही बोध झाला नसता. मागे राहिलेल्या टिपणांचा उपयोग दुसऱ्याला व्हावा इतकी ती नीट होती, म्हणूनच त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली त्यांचा मराठी धातुकोश धुळ्याहून प्रसिद्ध होऊ शकला. आपल्या मोबाइलमधल्या नोंदींची गत त्या बिनसालाच्या पत्रांसारखी असते. 'दोन पंप मारले, फरक पडला' असे लिहिलेले सापडते. कोणत्या तुकड्यात, कशाचे, कशासाठी, किती दिवसांनी फरक पडला, हे लिहिताना ठाऊक होते म्हणून लिहिलेले नसते. फोनमधली तारीख आपोआप पडते हे खरे, पण नोंद पुन्हा हाताळली की बरीच ॲप्स शेवटच्या बदलाची तारीख पुढे आणतात. तेव्हा तारीख, जागा आणि कारण या तीन गोष्टी मजकुरातच असाव्यात.

केळीच्या पिकाला हे जास्तच लागू पडते, कारण इथे निर्णय आणि त्याचा परिणाम यांत वर्षभराचे अंतर असते. जून-जुलैचा मृगबाग असो की पावसाळा सरताना लावलेला कांदेबाग, टिश्यूची रोपे लावली तरी कापणीला अकरा-बारा महिने लागतात. मागे पिलबाग ठेवला तर हिशेब आणखी लांबतो. लागवड आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाली की थंडी बागेला वेगळ्याच वयात गाठते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, वेगळ्या महिन्यात येते आणि घड मेच्या उन्हात सापडतो की वाचतो, हेही त्यावर ठरते. एवढ्या लांबच्या गोष्टीत माणसाची आठवण सरमिसळ करते. मागचे वर्ष, त्याआधीचे वर्ष आणि शेजाऱ्याच्या बागेत पाहिलेले, सगळे एक होऊन 'थंडीत जरा नुकसान होतेच' असा गुळगुळीत निष्कर्ष उरतो. त्यापेक्षा समजा, ॲपमध्ये एवढीच नोंद आहे: 'कांदेबाग, विहिरीकडचा तुकडा, ८ जानेवारी. पहाटे कडक गारठा. उत्तरेच्या बांधाकडच्या चार ओळींत पाने पिवळी, कडा करपल्या, पोंगा अडकला. शेवरीच्या आडोशाला काही नाही. रात्री फक्त खालच्या व्हॉल्व्हला पाणी दिले होते, तिथे त्रास कमी. सप्टेंबरच्या लागवडीआधी वाचणे.' ही नोंद लिहायला पाच मिनिटे पुरतात. हिच्यासोबत एक फोटो पुरे, तोही त्या अडकलेल्या पोंग्याचा, साऱ्या बागेचा नको. पण सप्टेंबरात ती वाचली तर उत्तरेच्या बांधावर शेवरी दाट लावायची की नाही आणि वरच्या व्हॉल्व्हच्या पाण्याचे काय करायचे, या दोन प्रश्नांना तिच्यात आधार सापडतो. पक्के उत्तर सापडेल असे नाही. एका वर्षाच्या, एका बागेच्या पाहण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण दोन-तीन थंड्यांच्या अशा नोंदी एकाखाली एक आल्या की आडोशाचा गुण कोणता, पाण्याचा कोणता आणि नुसत्या योगायोगाचा भाग किती, हे दिसू लागते. गेल्या काही वर्षांत कुकुंबर मोझॅक या रोगाने जळगाव जिल्ह्यातल्या बागांना छळले, तेव्हा रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करावीत आणि मावा आवरावा, हाच सल्ला सगळीकडे मिळत होता. 'लवकर' म्हणजे लागवडीनंतर कितव्या आठवड्यात, कोणत्या कडेकडून, बागेत वेलवर्गीय आंतरपीक असताना की नसताना, हे ज्याच्या त्याच्या बागेतच लिहून ठेवायचे होते.

काही जण म्हणतील की नोंदी तर सरकार ठेवून घेतेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामधली पिकांची नोंद जी पूर्वी तलाठी करत, ती शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून शेतातला फोटो जोडून करू लागला. एवढ्या मोठ्या संख्येने मराठी शेतकऱ्यांनी स्वतः केलेली डिजिटल नोंद म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. तिने एक गोष्ट सिद्ध केली आहे. शेतकऱ्याला मोबाइलवर नोंद जमत नाही, हे म्हणणे आता टिकणार नाही. पण त्या नोंदीतला प्रश्न शासनाचा आहे: कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, कोणते पीक. तो योग्यच आहे, पण शेतकऱ्याचा प्रश्न तो नाही. विम्याचेही तसेच. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात थंडी आणि उष्णतेची भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तिथे बागेतल्या नोंदीने आकडा बदलत नाही. गारपीट आणि वादळी वाऱ्यासारख्या स्थानिक नुकसानीची सूचना मात्र ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्या धांदलीत गट नंबर, लागवडीची तारीख, विम्याच्या पावतीचा क्रमांक एका नोंदीत तयार असणे याला फार किंमत आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावावर निर्यातीच्या वाटेने जायचे तर फवारण्यांच्या लेखी नोंदी मागितल्या जातात. म्हणजे इतरांसाठीच्या नोंदी आपण ठेवतोच, त्या ठेवाव्याच लागतात. स्वतःच्या प्रश्नासाठी ठेवायची नोंद तेवढी राहून जाते, कारण ती कुणी मागत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची परिस्थिती याहून तातडीची आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने हा बदल २०२२ मध्ये जाहीर केला होता, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो पुढे ढकलला गेला आणि अखेर अमलात आला. चार पर्यायांतला एक ओळखायचा असतो तेव्हा वाचलेले पाहून ओळखता आले तरी भागते. कोऱ्या कागदावर स्वतःच्या वाक्यांत उत्तर लिहायचे असते तेव्हा ओळख उपयोगी पडत नाही, आठवावे लागते. रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा भेद स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने लगेच जे समाधान मिळते ते आठवड्यात विरते. आता अभ्यासिकेतल्या ॲपचा विचार करा. त्यात तयार नोट्सच्या पीडीएफ भरल्या तर ते पुन्हा वाचायचे साधन होते. त्याच ॲपमध्ये प्रत्येक नोंदीच्या शीर्षकाच्या जागी एक प्रश्न लिहिला, 'त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला नेमके काय दिले?' असा, आणि उत्तर त्याखाली आपल्या सात-आठ ओळींत लिहिले, तर यादी उघडल्यावर दिसतात ते प्रश्न. उत्तर आधी मनात जुळवायचे आणि मग नोंद उघडून पडताळायचे. ॲप तेच राहिले, खर्च वाढला नाही, पण वापर उलटा झाला. चोपड्यात किंवा अमळनेरात पुण्यासारखे महागडे वर्ग नसतील. असा वापर करणाऱ्याला त्यांची उणीव पुष्कळ कमी जाणवेल, असे माझे ठाम मत आहे.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा की हे सगळे वहीत होते, ॲप कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्यूलर आणि ओपनहायमर यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत होते आणि समजेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडत होते. हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा गुणांतला तो फरक ठामपणे दिसला नाही. जसेच्या तसे उतरवण्याची सवय मात्र लॅपटॉपवाल्यांत पुन्हा आढळली. यावरून मी एवढेच काढतो की दोष पडद्यात नाही, उतरवून घेण्यात आहे, आणि पडदा त्या सवयीला फूस देतो. ज्याला वहीत लिहिताना विचार सुचतात त्याने वहीतच लिहावे. पण वहीला तीन गोष्टी येत नाहीत. तीन वर्षांच्या पानांतून 'पोंगा' हा शब्द ती क्षणात काढून देत नाही, सप्टेंबर आला की आठवण करून देत नाही, आणि पावसात भिजली किंवा हरवली तर तिची दुसरी प्रत नसते. वहीत सविस्तर लिहून त्यातल्या निष्कर्षाच्या चार ओळी ॲपमध्ये टाकणे हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पानाचा नुसता फोटो टाकणे पुरत नाही. छापील देवनागरी आता यंत्राला बऱ्यापैकी वाचता येते, घाईतले हस्ताक्षर वाचण्याचा भरवसा धरता येत नाही, आणि जे शोधात येत नाही ते ॲपमध्ये असून नसल्यासारखे.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने या शोधाच्या बाबतीत थोडी शिस्त पाळायला हवी, कारण ॲप बनवणाऱ्यांनी आपल्या भाषेचा फारसा विचार केलेला नसतो. एका नोंदीत 'मोझॅक', दुसरीत 'मोझाईक', तिसरीत रोमन लिपीतले स्पेलिंग असे लिहिले तर एका शोधात तिन्ही येतीलच याची खात्री नाही. तारीख एकदा मराठी आकड्यांत आणि एकदा इंग्रजी आकड्यांत लिहिली तर तीच अडचण. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय ॲपमध्ये चिकटवला तर डोळ्यांना निरर्थक अक्षरे दिसतात आणि शोधालाही काही मिळत नाही. जुन्या परिपत्रकांच्या पीडीएफ शोधात का येत नाहीत, याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्यामुळे प्रत्येकाने आपले पंधरा-वीस नेहमीचे शब्द ठरवून घ्यावेत: तुकड्यांची नावे, रोगांची नावे, विषयांची नावे. ते कसे लिहायचे हे एकदा ठरले की बदलायचे नाही. हे शब्द आपल्या तोंडातले असावेत. चोपड्यात अहिराणी बोलली जाते, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि तडवी बोली, पलीकडे यावल-रावेरला लेवा गणबोली. शेतातल्या कामाला, किडीला, जमिनीच्या पोताला जो शब्द घरात आहे तोच नोंदीत असावा, कारण सहा महिन्यांनी शोधताना मनात तोच येणार आहे. टायपिंगचा कंटाळा येणाऱ्यांसाठी बोलून लिहिण्याची सोय आहे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांची तिच्यात भर घातली. बोलीतला शब्द यंत्र कधीकधी भलताच लिहिते, म्हणून बोलून झाल्यावर एकदा नजर टाकून निदान ठरलेले शब्द दुरुस्त करावेत. कीपसारख्या ॲपमध्ये बोललेला आवाजही सोबत राहतो. लिहिता न येणाऱ्या आईवडिलांच्या शेतीविषयक अनुभवाला तरुणांनी या मार्गाने जागा करून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो खानदेशात हमखास येतो: बहिणाबाई चौधरींनी कुठल्या नोंदी ठेवल्या होत्या? शहाणपण डोक्यात असते, कागदावर नसते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते हे खरे आहे आणि त्यांच्या प्रतिभेला त्याने काही उणे आले नाही. पण त्यांची गाणी आज आपल्यापर्यंत का पोचली? त्या घरात, शेतात गात असताना त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने काही गाणी उतरवून ठेवली म्हणून. १९५१ च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या, ती टिपणे आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. जी उतरली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली. २०१८ मध्ये ज्यांचे नाव जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले, त्यांच्या कवितेचा आपल्याला झालेला लाभ एका घरगुती वहीवर अवलंबून होता. हे उदाहरण नोंदींच्या विरोधात वापरताच येत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता सगळ्या फायली वाचून सारांश देते, प्रश्नाला उत्तर देते, मग निवडून लिहिण्याचे कष्ट कशाला? भरा सगळे, शोधेल यंत्र. दुसऱ्याने लिहिलेल्या लांबलचक शासन निर्णयाचा सारांश यंत्राकडून घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्यातली तारीख आणि रक्कम मूळ कागदावर ताडून पाहावी. पण विहिरीकडच्या तुकड्यात आठ जानेवारीच्या पहाटे काय दिसले, हे जगातल्या कुठल्याही यंत्राला माहीत नाही. ते कुणी लिहिले नसेल तर त्याचा सारांश होणार कसा? यंत्र केळीविषयी जे सांगेल ते सगळ्यांच्या केळीविषयी असेल. आपल्या बागेविषयीचे उत्तर हवे असेल तर आपल्या बागेचा मजकूर आपणच पुरवायला हवा, आणि तो जितका नेमका तितके उत्तर कामाचे. विद्यार्थ्याच्या बाबतीत तर सारांश करण्याचे कष्ट हाच अभ्यास आहे. ते दुसऱ्याने केले की परीक्षेच्या टेबलावर हात रिकामे राहतात.

कंपन्यांवर विसंबण्याचा धोका खरा आहे आणि तो कमी लेखू नये. एव्हरनोट हे एकेकाळी या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव. मालकी बदलल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांवर पन्नास नोंदींची मर्यादा आली. गूगलने स्वतःची नोटबुक नावाची जुनी सेवा २०१२ मध्ये गुंडाळली. त्यामुळे ॲप निवडताना आत काय काय सोयी आहेत यापेक्षा आपला मजकूर बाहेर कसा काढता येतो, हे आधी पाहावे. वर्षातून एकदा सगळ्या नोंदींची साध्या मजकुराची प्रत काढून संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. आधार क्रमांक, बँकेचे पिन, पासवर्ड असल्या गोष्टी नोंदीत ठेवूच नयेत. एवढी काळजी घेतली की कोणतेही साधे ॲप चालते. रंगीबेरंगी फोल्डर, लेबलांची उतरंड, तयार नमुने यांत सुरुवातीचे आठवडे घालवणारे पुष्कळ असतात. तो वेळ नोंदींना मिळत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत तो सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. दिवसभर बागेत राबून आल्यावर, रात्रीच्या विजेच्या पाळीला पुन्हा मोटर सुरू करायला जाणाऱ्याला रोजनिशी लिहा म्हणणे योग्य नाही. मी रोज लिहा म्हणतच नाही. बरेच दिवस लिहिण्यासारखे काही घडतही नाही. लागवड, पहिली निसवण, रोगाचे पहिले झाड, थंडीचा किंवा वाऱ्याचा तडाखा, कापणी आणि भाव, असे वर्षातले दहा-पंधरा प्रसंग लिहिले तरी पुष्कळ झाले. त्याहून महत्त्वाचे आहे ते वाचण्याची वेळ ठरवणे. बहुतेक ॲपमध्ये आठवणीची घंटा लावता येते. ती 'उद्या सकाळी' लावण्याऐवजी निर्णयाच्या तोंडावर लावावी: थंडीच्या नोंदीला सप्टेंबरची, उन्हाच्या नोंदीला फेब्रुवारीची, भावाच्या नोंदीला लागवडीचा महिना ठरवायच्या आठवड्याची. विद्यार्थ्याने प्रत्येक नोंदीला आठवड्याची आणि मग महिन्याची घंटा लावावी. वाचून झाल्यावर जी नोंद निरुपयोगी वाटेल ती पुसून टाकावी. पुसायला जीव कचरतो, पण पुसलेल्या नोंदींमुळेच उरलेल्या सापडतात.

आणि हे काम एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा चार जणांनी मिळून केले तर त्याचे फळ वेगळेच आहे. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्यात शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या आहेत. कांदेबागाच्या लागवडीआधी, ऑगस्टच्या अखेरीस, एकेका गावातल्या आठ-दहा बागायतदारांनी गेल्या थंडीतल्या आपापल्या नोंदी मोबाइलमधून मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि केंद्रातल्या एखाद्या शास्त्रज्ञाने त्या ऐकाव्यात. कुणाच्या बांधावर शेवरी होती, कुणी रात्री पाणी दिले, कुणाची लागवड पंधरा दिवस आधीची होती, हे एकाच गावाच्या, एकाच थंडीच्या मजकुरात शेजारीशेजारी आले की एका बागेला न सुटणारा प्रश्न दहा बागांना सुटू शकतो. अशी बैठक पुढच्या ऑगस्टमध्ये घ्यायची तर नोंदी येत्या थंडीच्या आधी सुरू व्हायला हव्यात, आणि तुकड्यांची नावे व तारखा सगळ्यांनी सारख्याच पद्धतीने लिहाव्या लागतील. ती पद्धत ठरवायला गावात अर्धा तास एकत्र बसले तरी पुरते.